बालीची परिषद आणि बिदानांचा कायदा : एका व्यावसायिक संघटनेच्या यजमानपणाचं प्रकरण

11 जून 2023 रोजी बाली बेटावर, नुसा दुआ इथे, आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाची तेहतिसावी त्रैवार्षिक परिषद सुरू झाली. यजमान होती ‘इकातान बिदान इंडोनेशिया’, म्हणजे आयबीआय, तिथल्या मिडवाइफांची, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित प्रसूतिसेविकांची (तिथल्या भाषेत ‘बिदान’), राष्ट्रीय संघटना. बरोबर एक महिन्याने, 11 जुलैला, जकार्तात संसदेने नवा आरोग्य कायदा संमत केला. त्याने एकूण अकरा जुने कायदे मोडीत काढले आणि त्यांत 2019 चा मिडवाइफरी कायदाही होता. त्या कायद्यासाठी आयबीआयने कितीतरी वर्षं मंत्रालयांचे आणि संसदेचे उंबरठे झिजवले होते. हाती आलेला कायदा जेमतेम चार वर्षं टिकला.

या दोन तारखांमध्ये कार्यकारणभाव नाही, हे आधीच सांगून टाकते. परिषद भरवली म्हणून कायदा गेला असं कुणी म्हणू नये, आणि परिषद नसती तर तो वाचला असता असंही नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच संघटनेच्या दारात, एकाच हंगामात घडल्या. आपल्याकडच्या नर्सिंगच्या किंवा डॉक्टरांच्या संघटना आंतरराष्ट्रीय परिषदेचं यजमानपद म्हणजे मोठा बहुमान समजतात, आणि तो असतोच. त्या बहुमानाने घरची कामं किती होतात, एवढंच मला या प्रकरणातून बघायचं आहे.

आयबीआय ही काय चीज आहे

जावातल्या कुठल्याही छोट्या गावात रस्त्याच्या कडेला एक साधं बैठं घर दिसतं. पुढच्या खोलीत तपासणीचं टेबल, बाहेर पाटी, पाटीवर बाईचं नाव आणि परवान्याचा क्रमांक. पाटीवर डाळिंबाचं चित्र असलं तर ती ‘बिदान देलिमा’, म्हणजे संघटनेच्या दर्जा-तपासणीतून पार पडलेली. गरोदर बाया हातात गुलाबी पुस्तिका घेऊन बाकावर बसलेल्या असतात. आईची आणि बाळाची सगळी नोंद एकत्र ठेवणारी ही पुस्तिका जपानी मदतीने 1990 च्या दशकात मध्य जावात सुरू झाली आणि मग देशभर पसरली. मिडवाइफला तिथे ‘बिदान’ म्हणतात. ती बाळंतपण करते, कुटुंबनियोजनाचं इंजेक्शन देते, लसी टोचते, आणि बऱ्याच गावांत आरोग्यसेवा म्हणजे तीच असते. देशातली निम्म्याहून जास्त बाळंतपणं बिदानांच्या हातून होतात.

आयबीआय स्थापन झाली 24 जून 1951 रोजी, जकार्तात. देश स्वतंत्र होऊन फार दिवस झालेले नव्हते. 24 जून हा दिवस तिथे अजूनही राष्ट्रीय बिदान दिन म्हणून पाळतात. 1956 मध्ये ती आंतरराष्ट्रीय महासंघाची सभासद झाली. तिची बांधणी सरकारी उतरंडीसारखी आहे : वर केंद्र, मग प्रांत, मग जिल्हा, मग तालुक्याच्या पातळीची शाखा. सभासदसंख्या लाखांत. मिडवाइफांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या संघटनांमध्ये तिची गणना होते. एवढं जाळं असलेली संघटना तिथल्या आरोग्य खात्याला सोयीची असते, कारण एखादा कार्यक्रम गावापर्यंत न्यायचा तर रस्ता आयता मिळतो. अशा संघटनेला खात्याच्या मांडीवर बसायची सवय लागते, हा त्याचा दुसरा भाग.

तिच्या इतिहासात एक मोठी खाच आहे. 1975 ते 1984 ही दहा वर्षं इंडोनेशियात बिदानांचं शिक्षणच बंद होतं. नर्सच सगळं करेल, वेगळी मिडवाइफ कशाला, असा त्या काळच्या धोरणाचा सूर होता. मग 1989 मध्ये सरकारला एकदम जाग आली आणि ‘गावात बिदान’ योजना सुरू झाली. नर्सिंग शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींना वर्षभराचं प्रशिक्षण द्यायचं आणि गावात नेमायचं. सात-आठ वर्षांत 50 हजारांहून जास्त मुली अशा नेमल्या गेल्या. विशीतली पोर, बाळंतपणाचा अनुभव जवळपास नाही, आणि समोर गावाची जुनीजाणती दुकुन, म्हणजे आपल्याकडची दाई. लोक जाणार कुणाकडे? पुढे दुकुन आणि बिदान यांनी मिळून काम करायचं अशा भागीदारीच्या योजना आल्या. त्यात दुकुनने मालिश, न्हाऊमाखू आणि विधी सांभाळायचे, बाळंतपण बिदानने करायचं.

संख्या वाढली, दर्जाचा प्रश्न राहिला. 1996 पासून तीन वर्षांची पदविका सुरू झाली आणि मग खासगी महाविद्यालयांचं पेव फुटलं. (हे वाचताना महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांची आठवण आली तर ती आपापल्या जबाबदारीवर यावी.) मातामृत्यूचे आकडेही उलटसुलट : 2007 च्या राष्ट्रीय पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे 228, आणि 2012 च्या पाहणीत एकदम 359. अशा पाहण्यांमध्ये चुकीची शक्यता मोठी असते हे तज्ज्ञ सांगत होते, पण वर्तमानपत्रांना एवढं पुरेसं होतं. इतक्या बिदान आहेत तर बाया मरतात कशा, असा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं बोट बिदानांकडे होतं. रक्तपेढी नसणं, पाण्यातून जायला होडी वेळेवर न मिळणं, जिल्हा रुग्णालयात रात्री भूलतज्ज्ञ नसणं यांची त्या मथळ्यांत दखल नव्हती. 2015 मध्ये आकडा 305 आला आणि 2020 च्या जनगणनेतून 189. हे आकडे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले असल्यामुळे त्यांची थेट तुलना जपूनच करायला हवी.

2019 चा कायदा या सगळ्याचं उत्तर म्हणून आला. पदविकाधारक बिदानने दवाखान्यात किंवा रुग्णालयात काम करावं, स्वतःची पाटी लावायची असेल तर पुढचं व्यावसायिक शिक्षण घेतलेलं असावं, आणि आधीपासून पाटी लावलेल्यांना सात वर्षांची मुदत मिळावी, असं त्यात ठरलं. बिदान म्हणजे कोण, तिने काय करायचं, कशाला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदाच एका स्वतंत्र कायद्यात आलं. नर्सपेक्षा वेगळा व्यवसाय म्हणून ओळख मिळाली. दहा वर्षं ज्यांचं शिक्षणच बंद होतं, त्यांच्यासाठी ही ओळख साधी बाब नव्हती.

परिषद म्हणजे नक्की काय

1900 साली बर्लिनमध्ये मिडवाइफांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा हजारावर मिडवाइफ जमल्या होत्या. 1954 मध्ये लंडनला महासंघाने आजचं नाव घेतलं आणि दर तीन वर्षांनी भेटायचं ठरलं. महासंघाचं कार्यालय आता द हेगला आहे. व्यक्तीला त्याचं सभासद होता येत नाही. सभासद असतात त्या देशोदेशींच्या संघटना, आणि त्यांच्यामार्फत दहा लाखांहून जास्त मिडवाइफ.

बाहेरून बघणाऱ्याला परिषद एक दिसते, प्रत्यक्षात ती दोन असतात. मुख्य परिषदेच्या आधी महासंघाची कौन्सिल बसते. तिथे सभासद संघटनांचे प्रतिनिधी मतदान करतात, अध्यक्ष निवडतात, धोरणाचे मसुदे मंजूर करतात. मग सगळ्यांसाठी खुली परिषद : निबंध, कार्यशाळा, प्रदर्शन. उद्घाटनाला देशोदेशीच्या मिडवाइफ आपापल्या पोशाखात झेंडे घेऊन मिरवत येतात. हा सोहळा बघण्यासाठी म्हणून येणाऱ्या बाया असतात आणि त्यात गैर काही नाही. ज्या बाईने वर्षभर रात्रपाळी करून, लोकांची बोलणी खाऊन काम केलं, तिला एक दिवस झेंडा धरून चालावंसं वाटणारच. 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला तर परिषदेच्या आदल्या दिवशी मिडवाइफ रस्त्यावर उतरून पाच किलोमीटर चालल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत माता-आरोग्याचं उद्दिष्ट पाचव्या क्रमांकाचं होतं, म्हणून पाच.

यजमान संघटनेच्या वाट्याला काय येतं? लगाम महासंघाच्या हाती असतो. विषयपत्रिका, निबंधांची निवड, नोंदणीचे दर, संमेलन भरवणाऱ्या कंपनीशी करार, हे तिकडून चालतं. यजमानाने करायचं ते म्हणजे सरकारशी बोलणं, व्हिसाचं बघणं, मंत्र्यांची वेळ मिळवणं, स्वयंसेवक उभे करणं, उद्घाटनाचा कार्यक्रम बसवणं, आणि मुख्य म्हणजे देशातल्या मिडवाइफांना मोठ्या संख्येने आणणं. परिषदेचं उत्पन्न हा महासंघाच्या तिजोरीचा मोठा आधार असतो, म्हणून दालनं भरणं ही नुसती हौस नसते. लाखांनी सभासद असलेली आयबीआय त्या दृष्टीने आदर्श यजमान होती.

तीन तारखा

2017 च्या जूनमध्ये टोरांटोची परिषद संपली. तिचं यजमानपद कॅनडाच्या संघटनेकडे होतं. पुढचा मुक्काम बाली : 21 ते 25 जून 2020. तारखा बघा. 24 जून, आयबीआयचा स्थापनादिन, बरोबर परिषदेत येत होता. त्यात जागतिक आरोग्य संघटनेने 2020 हे वर्ष नर्स आणि मिडवाइफ वर्ष म्हणून जाहीर केलं. 2019 मध्ये कायदाही हाती आला. इंडोनेशियाच्या बिदानांसाठी सगळे ग्रह एका रांगेत आले होते. परिषदेचं घोषवाक्यही भविष्याबद्दलचं होतं.

मार्च 2020 मध्ये जग बंद झालं. परिषद वर्षभराने, 2021 च्या मे-जूनच्या सांध्यावर ढकलली. मग तेही जमत नाही असं दिसल्यावर ती ऑनलाइन करायचं ठरलं आणि जून 2021 भर पडद्यावर झाली. मांडव घातलाय, रुखवत मांडलाय आणि वऱ्हाड व्हिडिओवर अक्षता टाकतंय, अशी यजमानांची अवस्था. ऑनलाइन परिषदेला यजमान लागतच नाही. स्वयंसेवक, मिरवणूक, मंत्र्यांसोबतचा फोटो, परदेशी पाहुणीला आपला दवाखाना दाखवणं, ज्यांच्यासाठी संघटनेने वर्षानुवर्षं घाम गाळला त्या गोष्टी एका झटक्यात गेल्या. महासंघाची कामं मात्र अडली नाहीत. निबंध वाचले गेले, चर्चा झाल्या. यजमानाचा तोटा आणि महासंघाचा तोटा एकसारखा नव्हता, हे टिपून ठेवण्यासारखं आहे.

पडद्यावरची परिषद चालू होती तेव्हा बाहेर काय चाललं होतं? मे 2021 मध्ये महासंघ, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी मिळून जगातल्या मिडवाइफांच्या स्थितीचा अहवाल काढला. त्यात म्हटलं होतं, जगाला 9 लाख मिडवाइफ कमी पडताहेत. परिषदेत त्या आकड्याची चर्चा होणं साहजिक होतं. आणि त्याच जून-जुलैत जावा आणि बालीत डेल्टाची लाट शिगेला पोहोचली. रुग्णालयं भरली, गरोदर बाया पुन्हा गल्लीतल्या बिदानच्या दाराशी आल्या, कारण रुग्णालयात जायची भीती वाटत होती. महामारीच्या काळात इंडोनेशियात शेकडो बिदान कोविडने गेल्या. घरातच दवाखाना, घरातच म्हातारी सासू आणि लहान मुलं, आणि समोर मास्क न लावता कळा देणारी बाई. अशा संघटनेच्या कार्यालयात त्या महिन्यांत परिषदेचे मेल कोण बघत असेल, असा विचार मनात येतो.

इथे महासंघाने एक गोष्ट चांगली केली, असं माझं मत आहे. पुढची, म्हणजे 2023 ची परिषद पुन्हा बालीलाच दिली. यजमानाची मेहनत वाया गेली म्हणून हळहळ व्यक्त करून पुढच्या शहराकडे जाणं सोपं होतं. ‘पुन्हा एकत्र’ या घोषवाक्याखाली, 11 ते 14 जून, नुसा दुआ. कौन्सिलने तिथे चिलीच्या सांद्रा ओयार्सो तोर्रेस यांना अध्यक्ष निवडलं. त्याआधीची सहा वर्षं नेदरलँड्सच्या फ्रांका कादे अध्यक्ष होत्या.

दरम्यान जकार्तात

आता दुसरा धागा. बुदी गुनादी सादिकिन हे मूळचे बँकर, महामारीच्या मध्यावर इंडोनेशियाचे आरोग्यमंत्री झाले. त्यांच्या काळात आरोग्याचे सगळे विखुरलेले कायदे एकत्र करणारं एकच भलंमोठं विधेयक आलं. सरकारचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. देशात डॉक्टर, विशेषतः तज्ज्ञ कमी आहेत. व्यवसायाचा परवाना घ्यायचा तर व्यावसायिक संघटनेची शिफारस लागते. ती मिळवताना वेळ आणि पैसा जातो, आणि संघटना आपल्या हातातल्या किल्लीचा वापर प्रवेश रोखण्यासाठी करतात, असा रोख होता. आपल्याकडेही मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलमधल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे ऐकून बरंच वाटेल.

संघटनांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. शिफारशीच्या निमित्ताने संघटना आपल्या सभासदाच्या आचरणावर नजर ठेवते, ती गेली तर वाईट काम करणाऱ्याला रोखणार कोण? आणि प्रत्येक व्यवसायाचा स्वतःचा कायदा मोडून सगळ्यांना एका पिशवीत घातलं, तर छोट्या व्यवसायाचा आवाज दाबला जाणार. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, औषधनिर्माते आणि बिदान अशा पाच व्यवसायांच्या संघटना एकत्र आल्या. 8 मे 2023 रोजी त्यांनी जकार्तात निदर्शनं केली. जूनच्या सुरुवातीला, परिषदेला आठवडाही उरला नसताना, पुन्हा रस्त्यावर उतरल्या.

म्हणजे हे चित्र बघा. एकीकडे बालीला जगभरच्या पाहुण्यांचं स्वागत करायचं, उद्घाटनाला सरकारची कृपा हवी, खात्याचं सहकार्य हवं. दुसरीकडे त्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध संसदेसमोर फलक धरायचे. यजमानपदाने संघटनेला बोलायला मंच दिला की तोंड बांधलं? माझ्या मते थोडं दोन्ही झालं असणार. पाच संघटनांच्या त्या फळीत आवाज मुख्यतः डॉक्टरांचा होता. वाहिन्यांवर चर्चा झाली ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या तुटवड्याची, परदेशी डॉक्टरांना दार उघडण्याची. बिदानांच्या स्वतंत्र कायद्याचं काय होणार, हा प्रश्न त्या गदारोळात मागच्या बाकावर गेला. लाखांची संघटना, देशातली निम्म्याहून जास्त बाळंतपणं हातात, आणि तरीही वादात ती पाचातली एक.

11 जुलैला विधेयक संमत झालं, ऑगस्टमध्ये 2023 चा कायदा क्रमांक 17 म्हणून लागू झालं. नोंदणी आता आयुष्यभरासाठी, परवान्याला संघटनेच्या शिफारशीची अट नाही, आणि मिडवाइफरीचा, नर्सिंगचा, वैद्यकीय व्यवसायाचा असे सगळे वेगळे कायदे रद्द. तपशीलाचे सरकारी नियम 2024 च्या जुलैमध्ये आले.

हिशोब कसा मांडायचा

महासंघाची शिकवण तीन खांबांवर उभी आहे : शिक्षण, नियमन आणि संघटना. नियमनाचा अर्थ असा की मिडवाइफरीला नर्सिंगहून वेगळा कायदा असावा आणि मिडवाइफांचं नियमन मिडवाइफांनी करावं. 2019 मध्ये इंडोनेशिया या शिकवणीच्या जवळ पोहोचला होता आणि 2023 मध्ये यजमान देश तिच्यापासून लांब गेला. परिषदेचं घोषवाक्य ‘पुराव्याकडून वास्तवाकडे’ असं पुढे जात होतं. वास्तव तिथून दोन तासांच्या विमानप्रवासावर लिहिलं जात होतं.

यावरून काही जण लगेच म्हणतील, पाहा, परिषदा म्हणजे नुसता खर्च. मला हे पटत नाही. 1987 मध्ये द हेगच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मिडवाइफ दिनाची कल्पना पुढे आली. आज 5 मे हा दिवस आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयांतही साजरा होतो. मिडवाइफ म्हणजे कोण याची जागतिक व्याख्या, तिला काय यायला हवं याची यादी, प्रशिक्षणाचे निकष, हे कागद या परिषदांच्या आणि कौन्सिलांच्या चर्चेतून घासूनपुसून निघतात. आणि नेमके हेच कागद हातात घेऊन देशोदेशीच्या संघटना आपापल्या मंत्रालयात जातात. परिषद त्यांना सनद देते.

मात्र सनद दाखवायची कुणाला, हे परिषद ठरवत नाही. विधेयकाचा मसुदा बनतो तेव्हा समितीच्या खोलीत कोण बसलंय, खासदाराला रात्री फोन कोण करू शकतं, डॉक्टरांच्या संघटनेशी आपलं हित कुठे जुळतं आणि कुठे तुटतं, ही मोजदाद वेगळी आहे. आयबीआयने पाच संघटनांबरोबर जाणं स्वाभाविक होतं. तरी डॉक्टरांशी बिदानांचं हित सगळीकडे जुळत नाही. स्वतंत्र पाटीचा प्रश्न, कुठली औषधं बिदानने द्यायची हा प्रश्न, यांत डॉक्टर आणि बिदान एकाच बाजूला असतील असं धरून चालता येत नाही. बिदानांनी आपला मिडवाइफरी कायदा एवढाच मुद्दा धरून वेगळी लढाई लढली असती, तर निकाल बदलला असता का, ते सांगता येत नाही. मुद्दा मात्र स्पष्ट दिसला असता.

दुसरी गोष्ट वेळेची. परिषदेचं यजमानपद म्हणजे सहा-सात वर्षं संघटनेच्या वरच्या फळीचं लक्ष. आयबीआयच्या बाबतीत महामारीमुळे ते आणखी लांबलं. संघटनेची मोजकी माणसं सगळीकडे तीच असतात : तीच बाई परिषदेच्या समितीत, तीच मंत्रालयाच्या बैठकीत, तीच अभ्यासक्रमाच्या मंडळात. 2020 ला परिषद वेळेवर झाली असती तर 2022-23 मध्ये, विधेयक शिजत असताना, ही माणसं मोकळी असती. महामारीने परिषद लांबवली आणि ती नेमकी त्या हंगामात येऊन पडली. याला कुणाचा इलाज नव्हता.

आपला संबंध

भारतात 2000 साली स्थापन झालेली सोसायटी ऑफ मिडवाइव्ज, इंडिया ही महासंघाची सभासद आहे. नर्सिंगची मोठी संघटना वेगळी : ट्रेंड नर्सेस असोसिएशन, 1908 पासूनची, जिने 1925 मध्ये मिडवाइफांसाठी आपल्यातच एक शाखा काढली होती. दक्षिण आशियात ही त्रैवार्षिक परिषद आजवर भरलेली नाही. आशियाच्या पूर्वेकडे कोबे झालं, मनिला झालं, बाली झालं.

महाराष्ट्रात जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरी) झालेल्या कुठल्याही सिस्टरचं प्रमाणपत्र बघा : ती नोंदणीकृत नर्स असते आणि नोंदणीकृत मिडवाइफही. नाव दोन्ही, काम जिथे ड्यूटी लागेल तिथलं. आज लेबर रूम, उद्या मेल मेडिकल वॉर्ड. उपकेंद्रातल्या एएनएमकडे, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेकडे, बाळंतपणापेक्षा रजिस्टरं जास्त. 2018 मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली, नर्सिंग झाल्यावर दीड वर्षांचं वेगळं प्रशिक्षण आणि मिडवाइफच चालवेल असा प्रसूती कक्ष. कल्पना चांगली आहे. बदली झाली की प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरला पुन्हा दुसऱ्या वॉर्डात टाकलं जाऊ नये, एवढं सांभाळलं तरी बरंच साधेल. ऑगस्ट 2023 मध्ये, म्हणजे इंडोनेशियाचा नवा कायदा लागू झाला त्याच महिन्यात, आपल्याकडे 1947 च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला. तिथे नाव गेलं, इथे नाव आलं. आयोगात मिडवाइफच्या बाजूने बोलणारं माणूस किती आणि त्याचं मत किती चालतं, याकडे आता आपल्या संघटनांचं लक्ष हवं.

पुढची परिषद जून 2026 मध्ये लिस्बनला. महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्यांनी मिरवणुकीत नऊवारी नेसून झेंडा धरावाच. पण इंडोनेशियाच्या बिदानांना गाठून एक गोष्ट आवर्जून विचारावी : नव्या नियमांखाली गावातली पदविकाधारक बिदान आपली पाटी लावू शकते का, आणि परवाना देताना जिल्ह्याचं आरोग्य खातं आयबीआयच्या शाखेला अजून फोन करतं का.